कागदावर हवेली फुकट मिळते

या वेळचं पत्र, थोडं छोटं करून:

"अक्का, मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते, टॉवेलच्या कारखान्यात चेकिंगला आहे, वय २६. दीड वर्षापासून एक मोठी भयकथा लिहितेय. रात्री सगळे झोपले की वही घेऊन बसते आणि समोर मोबाइल उभा करून हॉरर पिक्चर लावते, तेही मोठे भारी नाहीत, एकदम कमी पैशातले, जुने, रबरी मुखवट्यावाले. पिक्चर चालू असला की मूड लागतो. पण परवा हिशेब केला तर सहा महिन्यात ५० च्या वर पिक्चर बघून झाले आणि पानं झालीत ११. वहिनी म्हणते असला सेकंडचा माल बघून कुणाला लिहिता येतं का, लिहायचंय तर चांगली पुस्तकं वाच. अम्मा म्हणते रात्री बेरात्री काय दय्यम दय्यम (म्हणजे भूत) बघूलालीस, घरात काहीतरी येईल. मी हे बघणं बंद करू का? पहिली दोन पानं सोबत पाठवतेय, वाचून खरं सांगा. ता.क. शेजारच्या घरातला माग रात्री चालता चालता बंद पडला की मला खाडकन जाग येते आणि तेव्हा जी भीती वाटते तशी एकाही पिक्चरनं वाटली नाही. असं का होतं?"

बाळा,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि पानं चार वेळा वाचली. आधी सरळ उत्तर देते म्हणजे जीव टांगणीला राहायला नको. पिक्चर बंद करू नकोस. पण वही उघडी असताना पिक्चर चालू ठेवायचा नाही, हे मात्र आजपासून पक्कं.

का ते सांगते. माझी अम्मा विड्या वळायची. आपल्या भागात हे कुणाला सांगायला नको, पण बाकीचे वाचणारे पण आहेत म्हणून सांगते, पानं भिजवून ठेवायची, कात्रीनं मापात कापायची, तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा, असं दिवसभरात हजाराच्या आसपास. संध्याकाळी शेजारच्या चारपाच जणी आपापलं सूप मांडीवर घेऊन आमच्या ओट्यावर बसायच्या आणि मग गोष्टी सुरू व्हायच्या, दय्यमच्या, विहिरीतल्या बाईच्या, कुणाच्या तरी वारलेल्या सासूच्या, अर्धी तेलुगूत अर्धी मराठीत आणि एक मावशी कानडी होती तर तिची कानडीत. हात विडीवर आणि कान गोष्टीत. मी लहान होते, मला वाटायचं किती सोपंय, दोन कामं एकदम होतात. पण एक गोष्ट मी बघितलेली आहे, गोष्ट जिथं खरंच भीतीची यायची ना, तिथं सगळ्यांचे हात थांबायचे. पान हातात तसंच. विडी वळायची म्हणजे बोटांना पाठ झालेलं काम, तरी ते थांबायचं. आणि लिहिणं हे काही बोटांचं काम नाही ग. डोक्याचा जो भाग गोष्ट ऐकतो तोच भाग गोष्ट रचतो असं माझं इतक्या वर्षांचं म्हणणं आहे, त्याच्यापुढे तू दुसऱ्याची गोष्ट चालू ठेवलीस की तो आपलं काम सोडून तिकडेच बघत बसणार, त्याचा काय दोष. ११ पानं झाली याच्यात तुझा आळस नाहीये. तू रोज रात्री बसलीस, हे मला फार मोठं वाटतं, आठ तास उभं राहून काम केल्यावर वही उघडणं हीच केवढी गोष्ट आहे.

आणि मूड म्हणतेस ना, मला वाटतं तुला मूड नको असतो, सोबत हवी असते. घर झोपलेलं, तू एकटी, कोरं पान समोर, ही वेळ जड असते, मला माहितीये. मग पिक्चरमधली माणसं बोलत असतात तर बरं वाटतं. सोबत पाहिजे तर फॅनचा आवाज ठेव, रेडिओवर गाणी बारीक लाव, पण गोष्ट नको. पिक्चरसाठी आठवड्यातली एक रात्र ठेव, सुट्टीच्या आदल्या दिवशीची, तेव्हा वही बंद आणि पिक्चर पूर्ण, मान वर करून बघायचा. आणि बाकीच्या दिवशी १२ च्या आत झोप, तुझं काम डोळ्यांचं आहे.

आता वहिनीचं. वहिनी सेकंडचा माल म्हणाली आणि तू ते मनाला लावून घेतलंस. पण तू चेकिंगला आहेस ना, तुलाच हे जास्त कळायला पाहिजे. फर्स्ट क्वालिटीचा टॉवेल टेबलावर आला की हात नुसता फिरतो आणि पुढे जातो, त्यातून काही शिकायला मिळत नाही. सेकंडचा आला की तू थांबतेस, इथं लूप सुटलीय, इथं काठ ओढला गेलाय, इथं ताण कमी पडला, म्हणजे मागावर काय चुकलं ते तुला कापडात दिसतं. कमी पैशातल्या पिक्चरचं अगदी तसंच आहे. मोठ्या पिक्चरमध्ये सगळं इतकं बेमालूम असतं की भीती वाटली तरी कशी वाटली ते कळत नाही. स्वस्तातल्या पिक्चरमध्ये टाके दिसतात. कुठं दिग्दर्शकाकडे भूत दाखवायला पैसे नव्हते म्हणून त्यानं दार दाखवलं, कुठं दार दाखवायचं सोडून मुखवटा जवळून दाखवला आणि सगळं घालवलं, दोन्ही दिसतं. तू आतापर्यंत ५० बघितलेस पण वहीकडे बघत बघत बघितलेस, म्हणजे चेकिंगच्या टेबलावर बसून मान फिरवून बोलत बसल्यासारखं झालं.

पण वहिनीचं एक बरोबर आहे हां. पुस्तकं वाचायलाच लागतात. शब्द पिक्चरमधून येत नाहीत. मराठीत गूढकथा, भयकथा पिढ्यान्‌पिढ्या लिहिल्या गेल्यात, वाचनालयाचं कार्ड काढ आणि आण एकेक. तिला सांग की तुझं ऐकलं, तिलाही बरं वाटेल.

आता जरा पिक्चरांबद्दल बोलू, कारण तुला प्रेम आहे त्यांचं आणि मलाही आहे. आमच्या लहानपणी गल्लीत वर्गणी काढून रात्रभरासाठी भाड्यानं व्हिडिओ आणायचे, तीन पिक्चर लागायचे आणि त्यातला मधला रामसे भावांचा, म्हणजे हिंदीत स्वस्तातले भुतांचे पिक्चर करणाऱ्यांचा असायचा, पोरं झोपू नयेत म्हणून. त्या भावांनी काय केलं होतं बघ, १९७२ साली 'दो गज जमीन के नीचे' करायला अख्खं कुटुंबच महाबळेश्वरला गेलं होतं. एक भाऊ लिहिणारा, एक कॅमेऱ्यावर, एक आवाज बघणारा, सात भावांनी घरातच सगळं वाटून घेतलेलं. आपल्याकडे चार माग टाकून सगळं घर राबतं ना, नवरा मागावर, बायको कांडी भरायला, पोरं घड्या घालायला, तसंच की ते.

आणि आधीचं बघ, १९४२ चा 'कॅट पीपल'. बाई वाघिणीसारखं जनावर होते अशी गोष्ट, पण पैसे नाहीत. तर एक बाई रात्री एकटी तलावात, म्हणजे त्या बिल्डिंगच्या तळघरातल्या पोहायच्या टाकीत पोहतेय, भिंतींवर पाण्याचा उजेड हलतोय, सावली हलते, गुरगुरल्याचा आवाज येतो, बास. ८० वर्षं झाली तरी ते बघताना पाय पाण्यातून बाहेर काढावेसे वाटतात. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' १९६८ चा, एक लाख चौदा हजार डॉलरच्या आसपास खर्च, पाडायला काढलेलं एक जुनं शेतघर मिळालं त्यातच जवळपास सगळा पिक्चर, ब्लॅक अँड व्हाइट असल्यामुळे रक्ताच्या जागी चॉकलेटचं सिरप चालून गेलं. बाहेर जगात काय चाललंय ते सगळं आतल्या रेडिओ आणि टीव्हीवरून कळतं. आणि खरी भीती कुठं आहे सांगू का, बाहेर उठून चालत आलेल्या मेलेल्या माणसांची नाहीच, आतली जिवंत माणसं तळघरात जायचं की वर थांबायचं यावरून भांडतात ती आहे. (त्याच्यावर कॉपीराइटची ओळ टाकायची राहून गेली म्हणून अमेरिकेत तो कुणाच्याच मालकीचा राहिला नाही, त्यामुळे इंटरनेटवर सहज मिळतो. परत एकदा बघ, या वेळी फक्त भांडणं बघ.)

'द इव्हिल डेड' करणाऱ्या पोरांनी तर कॅमेरा एका फळीला पक्का बांधला, फळीची दोन टोकं दोघांनी धरली आणि जंगलातून पळत सुटले. भूत दाखवलंच नाही, भुताचं बघणं दाखवलं. आणि 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' मध्ये शेवटपर्यंत चेटकीण एकदाही दिसत नाही, आठ दिवसात शूटिंग, नटांच्याच हातात कॅमेरे, आणि रोज त्यांचं जेवण थोडं थोडं कमी करत गेले म्हणजे चिडचिड खरी येईल.

आता तुझ्या पानांवर येते, आणि इथं जरा स्पष्ट बोलणार आहे, तूच खरं सांगा म्हणालीस.

पहिल्याच पानावर ४० खोल्यांची हवेली आहे. अमावस्या आहे. वीज कडाडतेय. घुबड आहे, काळं मांजर आहे, कंदील घेतलेला म्हातारा नोकर आहे, तळघर आहे, तळघरात पेटी आहे आणि पेटीत साखळदंड आहेत. बाळा, हा सगळा खर्च कुणी केला? ज्यांचे पिक्चर तू बघतेस त्यांना यातली एक गोष्ट आणायची म्हणजे दहा ठिकाणी हात पसरायला लागला असता, म्हणून त्यांनी एकच आणली आणि ती पुरवून पुरवून वापरली. कागदावर हवेली फुकट मिळते. वीज फुकट कडाडते. एक शब्द लिहिला की घुबड हजर. आणि फुकट मिळतं म्हणून आपण उधळतो. तू त्यांच्याकडून मुखवटा घेतलास, जो त्यांच्या मनासारखा झालाच नव्हता, आणि काटकसर घेतली नाहीस, जी त्यांच्याकडची सगळ्यात भारी चीज होती.

म्हणून मी तुला सांगते तुझ्या कथेला बजेट ठरव. खरंच वहीच्या पहिल्या पानावर लिही, जागा किती, माणसं किती, वेळ किती. मी म्हणेन एक खोली, तीन माणसं, एक रात्र. भुताला कथेत फक्त एकदा यायची परवानगी, तेही अर्धंच. यापेक्षा जास्त काही लागलं तर आधीचं काहीतरी परत द्यायचं, मांजर पाहिजे तर माणूस कमी कर. पहिले चार दिवस हात बांधल्यासारखं वाटेल आणि मग बघ काय होतं, ती खोली तुला दिसायला लागते. भिंतीला ओल कुठं आलीय, माठ कुठं आहे, दाराची कडी वरची लावतात की खालची, रात्री कोण कुठं झोपतं. हवेलीतल्या ४० खोल्यांपैकी एकीत तरी माठ कुठंय हे तुला माहिती आहे का? नाही ना. वाचणाऱ्याला जिथला माठ दिसला तिथंच तो घाबरतो.

दुसरं, तुझ्या दोन पानात 'अचानक' हा शब्द नऊ वेळा आलाय, मी पेन्सिलीनं खुणा केल्यात. हे पिक्चरमधून आलेलं दुखणं आहे आणि हे कळायला जरा अवघड आहे म्हणून नीट सांगते. पिक्चरमध्ये अचानक काहीतरी झालं की आपण दचकतो, कारण वेळ त्यांच्या हातात असतो आणि आवाजही त्यांच्या हातात असतो. जॉन कार्पेंटरनं १९७८ साली 'हॅलोवीन' केला ना, त्यातल्या खुन्याचा मुखवटा दोन डॉलरच्या आतला, दुकानातून आणलेला 'स्टार ट्रेक' मधल्या कॅप्टनचा, त्याला पांढरा रंग मारलेला, त्यानं तो पिक्चर संगीत टाकायच्या आधी एका स्टुडिओतल्या बाईंना दाखवला तर त्यांना अजिबात भीती वाटली नाही. तोच पिक्चर. मग त्यानं स्वतःच संगीत बसवलं, आणि पुढं तो केवढा गाजला ते तुला माहितीच आहे. म्हणजे विचार कर, तुला रात्री जी भीती वाटते त्यातली किती भीती कानातून आत जाते. आणि वहीला कान नाहीत. कागदावर वेळ वाचणाऱ्याच्या डोळ्याच्या हातात असतो, 'अचानक' वाचेपर्यंत त्याला कळलेलं असतं की आता काहीतरी होणार, आणि पुढची ओळ तर त्याला आधीच खाली दिसत असते. दचकवणं हे कागदाला जमत नाही. कागदाला हळूहळू गळा आवळणं जमतं.

एक करून बघ, मी खूप वर्षं करते. पिक्चरच्या रात्री तुला सगळ्यात भीतीदायक वाटलेली दहा मिनिटं परत लाव आणि आवाज पूर्ण बंद कर. जे उरतं ते बघ. बऱ्याचदा काहीच उरत नाही, एक माणूस जिन्यात उभा आहे एवढंच. पण कधीकधी आवाज नसताना पण अंगावर काटा येतो, तो जो तुकडा आहे ना तो लक्षात ठेव, तो तुझ्या कामाचा. मग उलटं कर, मोबाइल पालथा ठेव आणि नुसतं ऐक. दोन दिवसांनी ते आवाज शब्दात लिहायचा प्रयत्न कर, 'भयाण आवाज आला' असं नाही, कशावर काय घासलं, ओलं होतं की कोरडं, किती लांब.

आणि एक गोष्ट त्या पिक्चरमधून अजिबात घेऊ नकोस. आपल्याकडचे आणि तिकडचेही, त्यातल्या कितीतरी पिक्चरमध्ये बाई ही नुसती आंघोळ करायला, ओरडायला आणि मरायला ठेवलेली असते. मी प्रेमानं बघितलेत हे पिक्चर तरी हे मला कायम टोचत आलंय. तुझ्या कथेतली नवीन लग्न होऊन आलेली सून पण पहिल्या पानावर हेच करतेय, भिजते, किंचाळते, बेशुद्ध पडते. तिला काम दे. तिच्या हाताला काहीतरी येत असू दे. तू दिवसभर कापडातली चूक शोधतेस, तुझ्या कथेतल्या बाईला घरात काय चुकलंय ते सगळ्यात आधी दिसायला नको का?

अम्माचं म्हणशील तर अम्माशी वाद घालू नकोस. तिची भीती खोटी नाही, तिच्या घरात तिची पोरगी रात्री एकटी जागते याची ती भीती आहे, दय्यमच्या नावानं बोलते एवढंच. संध्याकाळी भाकरी थापताना तिच्याजवळ बस आणि विचार की अम्मा तू लहान असताना कुणाला दय्यम लागलं होतं का. ऐकत राहा, मध्ये बोलू नकोस, लगेच लिहू पण नकोस.

आता ता.क.

तू ते पत्राच्या अगदी शेवटी लिहिलंस, मला मात्र सगळ्यात आधी ते दिसलं. असं का होतं विचारतेस. एक तर साधं कारण आहे, सतत चालणारा आवाज कान काही वेळानं ऐकायचं सोडून देतात, मागाची खटखट आपल्या भागात जन्मल्यापासून आहे, ती आपल्याला शांतताच वाटते. म्हणून आपल्याकडे पाहुणा आला की तो पहिली रात्र झोपत नाही आणि आपण माग थांबला की उठतो. पण नुसतं तेवढंच असतं तर जाग आली असती, भीती वाटली नसती. माग रात्री मध्येच का थांबतो? धागा तुटला, लाइट गेली, बीम म्हणजे ताण्याच्या धाग्याचा रूळ संपला, नाहीतर चालवणाऱ्या माणसाला काहीतरी झालं. पहिली तीन कारणं असतील तर थोड्या वेळात परत सुरू होतो. तू अंधारात पडून नेमकं त्याचीच वाट बघत असतेस, आणि तुझ्या अंगाला हे माहिती आहे, डोक्याला माहिती नसलं तरी.

आमचे वडील गिरणीत होते. गिरणी बंद झाली, भोंगा बंद झाला, त्यानंतर कितीतरी वर्षं ते पहाटे भोंग्याच्या वेळेला अंथरुणात उठून बसायचे. काही करायचे नाहीत. नुसते बसायचे, मान थोडी तिरकी, न वाजलेला भोंगा ऐकत असल्यासारखे. मी तेव्हा आठवी नववीत असेन, एकदा जाग आली आणि अंधारात ते तसे दिसले, आणि व्हिडिओवर बघितलेली सगळी भुतं त्यापुढे काहीच नव्हती. त्याच्यावर मला अजून लिहिता आलेलं नाही, तीनदा सुरुवात केलीय.

तर तुझी ११ पानं फाडू नकोस, बाजूला ठेव. हवेली कुठं पळून जात नाही. पुढच्या वेळी माग थांबला की मोबाइल पेटवू नकोस, लाइट लावू नकोस. उठून बस, पाय फरशीला टेकव, कारण मागाची धरधर फरशीतून पण येते आणि थांबली की तिथं पण कळतं. आणि परत सुरू होईपर्यंत काय काय ऐकू येतं ते एकेक ऐक, नळ, कुत्रं, अम्माचा श्वास, पलीकडे कुणी चाललं का, बोललं का. किती वेळ गेला तो अंदाजानं मोज. सकाळी कामाला जायच्या आधी तेवढंच एक पान लिही, 'अचानक' न लिहिता, आणि मला पाठव.

तुझी,
अक्का